मागची चार बोटं

१

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे हात ते नव्हेत."

दालनात साठ-सत्तर माणसं होती. बाईंच्या आवाजाला चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना सगळे 'हातवाल्या बाई' म्हणत. त्यांनी पोरांना डोंगर, झाडं, उगवता सूर्य असलं काही कधी काढायला दिलंच नाही. वर्षभर हात. मूठ आवळलेला हात, गुडघ्यावर ठेवलेला हात, पेला धरलेला हात. "चेहरा काय, हवा तसा करता येतो," असं त्या म्हणत. "हाताला सोंग जमत नाही."

तेव्हा संग्रहालयाने 'हातात हात' नावाचं प्रदर्शन भरवल्यावर उद्घाटनाला पाहुण्यांना चित्रं समजावून सांगायचं काम बाईंकडेच येणार होतं, आणि आलं. बाई फॉर्मात होत्या. लग्नाच्या चित्रापाशी त्या म्हणाल्या, "दोघांनी हात सारखेच घट्ट धरलेत. पण अंगठा कुणाचा वर आहे पाहा. घर कुणाचं चालणार हे चित्रकाराला मांडवातच कळलं होतं." सगळे हसले. दोन राजांच्या तहाच्या चित्रापाशी त्यांनी बोट दाखवलं. "एकाने हातमोजा काढलेला नाही. हा तह दोन वर्षंसुद्धा टिकला नसणार, लावा पैज."

शेवटी त्या दालनाच्या मधोमध आल्या. तिथे चौथऱ्यावर प्लास्टरचे दोन हात होते, मनगटाच्या जरा वर कापलेले, एकमेकांत गुंतलेले. शंभरेक वर्षांपूर्वी एका शिल्पकाराने बायको गेल्यावर ते घडवले होते. संग्रहालयाची सगळ्यांत लाडकी वस्तू.

"समोरून हे साधं हस्तांदोलन वाटतं," बाई सांगत होत्या. "तिच्या हाताची पाठ, त्यावर त्याची घट्ट बोटं. पण खरी गोष्ट मागे आहे. त्याने तिला धरलंय, तिने त्याला धरलेलं नाही. तिची चार बोटं उघडी आहेत, सुटलेली. जुन्या थडग्यांवर असंच कोरत. जो धरतो तो मागे राहिलेला, जो धरत नाही तो गेलेला. या, मागे या."

त्या स्वतः मागे गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. तिची चार बोटं त्याच्या हाताभोवती घट्ट वळलेली होती.

म्हणूनच त्या तसं बोलून गेल्या. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, पण बाईंकडे नाही. त्या वळल्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका तरुण मुलीकडे. ती संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंची दुरुस्ती करायची. साफसफाईसाठी हे हात तीन आठवडे तिच्याच खोलीत होते.

ती बाईंची सख्खी भाची होती.

२

"तुमच्या भाचीला चार दिवस घरी बसायला सांगितलंय," संचालक म्हणाले. "गुरुवारी विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षीणबाईंपुढे बैठक आहे. खरे हात कुठे आहेत ते तिने सांगितलं तर ठीक. नाहीतर बडतर्फ. पुढचं पोलिस बघतील."

संचालक तीन वर्षांपूर्वी आलेले, पन्नाशीचे, इस्त्रीतले गृहस्थ. डाव्या हाताने फाइल छातीशी धरून बोलायची त्यांना सवय होती.

"आणि तिने सांगण्यासारखं काही नसेलच तर?" बाईंनी विचारलं.

"बाई, मलाही वाईट वाटतंय हो. पण साचे तिच्या खोलीत, प्लास्टरची पोती तिच्या खोलीत. मी आपला कागदपत्रांतला माणूस. पोत्यातलं प्लास्टर आणि पीठ यातला फरक मला कळायचा नाही. पण हे काही येरागबाळ्याचं काम नाही, एवढं कळतं. प्लास्टर हातात गरम व्हायला लागलं की पाच मिनिटांत खेळ खलास. हात बसलेला माणूस हवा."

बाईंनी मान डोलावली. त्यांचं अर्धं लक्ष टेबलावरच्या नकली हातांवर होतं. "जरा बघू का?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ प्लास्टरला टेकवलं. काम वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर चांगलंच होतं. मग त्यांची नजर पुरुषाच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर गेली. नखाच्या मधोमध, मुळापासून टोकापर्यंत, एक बारीक उंचवटा होता. नख कधीतरी चेंगरून दुभंगलं की जन्मभर तसंच उगवतं.

खऱ्या हाताला हे नख नव्हतं. बाईंनी तो हात आयुष्यात दोनशे वेळा तरी कागदावर उतरवला होता. म्हणजे नकली हात करणाऱ्याने जिवंत माणसाचं बोट समोर ठेवून काम केलं होतं.

"सापडतो बरं का मेला," बाई पुटपुटल्या.

"कोण?" संचालकांनी दचकून विचारलं.

३

भाचीने दार उघडलं, पण "ये" म्हणाली नाही. आत जाऊन ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली.

"मला आधी बाजूला घेऊन विचारायचंस ना, मावशी," ती म्हणाली. "सत्तर माणसांसमोर बोंब मारायची काय गरज होती?"

"तोंडातून निघून गेलं गं."

"तुझ्या तोंडातून निघून गेलं आणि माझी नोकरी गेली. नोकरी जाऊ दे. उद्या मला कुठलं संग्रहालय फुटकी वाटी तरी जोडायला देईल? आठ वर्षं मी हे शिकले."

आईविना वाढलेली ही पोर. रंग कसे मिसळायचे ते ती बाईंच्या मांडीवर बसून शिकलेली. चूक आपली आहे हे त्यांना कळत होतं, आणि चूक कबूल करायची त्यांना फारशी सवय नव्हती. म्हणून त्यांनी कामाचंच विचारलं.

"तू खरेच हात परत दिलेस?"

भाचीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "हे तू विचारतेस?"

"मी सगळ्यांना विचारणार आहे. सुरुवात तुझ्यापासून."

"दिले. उद्घाटनाच्या बारा दिवस आधी कोठारात ठेवले. कोठाराच्या किल्ल्या तिघांकडे. साहेब, पेटीवाले आणि फोटोवाला. माझ्याकडे किल्ली नाही. हात परत करताना फॉर्मवर लिहिलंसुद्धा होतं मी, मागची बोटं नाजूक आहेत, आधार द्या. तो फॉर्म कोण वाचतं म्हणा."

बाई उठल्या. दारात त्या घुटमळल्या. भाचीने मान वर केली नाही, आणि बाईंनाही तिच्या डोळ्यांत बघवेना. कारण त्यांच्या मनात एक नको तो विचार येऊन बसला होता. तीन वर्षं संग्रहालयाने पोरीला कायम केलं नव्हतं. रागाच्या भरात तिनेच काही केलं असेल तर?

४

पेटीवाले म्हणजे संग्रहालयाचे सुतार. चौथरे, चौकटी आणि वस्तू ने-आण करायच्या पेट्या तेच करत. बाई पोचल्या तेव्हा ते एका पेटीत कापसाच्या गाद्या बसवत होते.

"उजवा हात दाखवा," बाई म्हणाल्या.

"भविष्य सांगताय का?" पेटीवाल्यांनी हात पुढे केला. बोटं जाड, चामडी निबर, पण तर्जनीचं नख गुळगुळीत.

"ते प्लास्टरचे हात. त्यांची मागची बाजू आठवते तुम्हाला?"

"आठवते म्हणजे काय! दोनदा पेटीत घातलेत मी ते. मागे त्या बाईची चार बोटं मोकळी लोंबतात. त्यांना टेकू दिला नाही तर वाटेतच कटकन तुटायची. खास त्यांच्यासाठी चार खाचांची गादी शिवली होती मी." त्यांनी कोपऱ्यातली गादी काढून दाखवली. "यंदा मात्र कुणी मागितली नाही."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नकली हात करणाऱ्याने मागची बोटं घट्ट वळवली होती, कारण हस्तांदोलनात बोटं वळतात. ती मोकळी आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. पेटीवाल्यांना ठाऊक होतं. भाचीने तर तीन आठवडे एकेका बोटावरची धूळ ब्रशने काढली होती. तिने नकली केलं असतं तर तिच्या हातून काही चुकलं असतं, पण हे चुकलं नसतं.

बाईंना एवढं हलकं वाटलं की त्या शेजारच्या अर्धवट पेटीवरच बसल्या.

"अहो, ओली आहे ती! पॉलिश लावलंय आत्ताच!"

साडीला लागलेलं पॉलिश पुसत बाईंनी विचारलं, "हात मधोमध ठेवायचं कुणी ठरवलं? इतकी वर्षं ते भिंतीला लागून होते."

"अध्यक्षीणबाईंनी. साहेब नकोच म्हणत होते. दोन दिवस वाद घातला. पण अध्यक्षीणबाईंपुढे कुणाचं काय चालतंय!"

तिथून बाई फोटोवाल्याकडे गेल्या. हा त्यांचाच विद्यार्थी, आता केस पिकलेला.

"हात दाखव, गधड्या."

त्याने मुकाट्याने उजवा हात पुढे केला. नख स्वच्छ. बाईंचा चेहरा पडला. त्याने काढलेला प्लास्टरच्या हातांचा फोटो त्यांनी पडद्यावर मोठा करून घेतला. पुरुषाची तर्जनी स्पष्ट दिसत होती, तिचं नख गुळगुळीत होतं. म्हणजे फोटो निघाला तेव्हा कोठारात खरे हात होते.

"कधी काढलास हा?"

"उद्घाटनाच्या दहा दिवस आधी. मी साहेबांना म्हटलं, मागूनही एक काढू. तर म्हणाले, प्रदर्शनाच्या पुस्तकात एकच पान आहे, कशाला उगाच. मग मी सामान आवरून निघालो."

"आणि हात?"

"टेबलावरच होते. साहेब म्हणाले, मी ठेवतो आत."

बाई तडक संचालकांच्या खोलीत गेल्या. काही न सांगता त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. संचालकांनी गोंधळून तो धरला. बाईंनी धरलेला हात वळवून तर्जनी पाहिली.

नख गुळगुळीत होतं. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

५

बुधवारी सकाळी बाई खुर्चीत बसून होत्या. त्यांचा चहा गार झाला होता. तीन किल्ल्या, तीन माणसं, तीन उजवे हात, आणि त्या नखाचा मालक त्यांत नाही. दुसऱ्या कुणाचा हात समोर ठेवला असेल? छे! असलं लपूनछपून काम करणारा माणूस शेजाऱ्याला हाक मारून म्हणेल का, जरा इकडे या, हात धरा?

विचार करताना बाईंच्या हाताला पेन्सिल लागतेच. कागदावर त्यांनी नेहमीसारखा हात काढायला घेतला. काढता काढता त्या थांबल्या. कागदाकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे.

"अगं बया!" त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

चाळीस वर्षं, वर्षाला दीडशे मुलं, प्रत्येकाच्या वहीत हाताची पंचवीस चित्रं. ते सगळे हात डावे होते! कारण उजव्या हातात पेन्सिल असते. मोकळा उरतो तो डावाच. मग एखाद्या पोराला उजवा हात काढायचा असला की बाईच त्याला सांगत, "डावा आरशासमोर धर, उजवा दिसेल." आणि आपणच ही गोष्ट विसरून गावभर लोकांचे उजवे हात तपासत हिंडलो!

बाईंनी न्हाणीघरातला छोटा आरसा खिळ्यावरून काढला आणि पिशवीत टाकला.

६

गुरुवारी बैठकीच्या टेबलाभोवती अध्यक्षीणबाई, संचालक, फोटोवाला आणि पेटीवाले बसले होते. भाची भिंतीजवळच्या खुर्चीत, मांडीवर हात घट्ट धरून बसली होती.

"बाई, तुमची भाची आहे म्हणून तुम्हाला बसू दिलंय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "थोडक्यात सांगा."

"थोडक्यातच सांगते. ज्याने हे केलं त्याने खऱ्या हातांची मागची बाजू कधी नीट पाहिलेली नाही. म्हणून त्याने गेलेल्या बाईलाही हात धरायला लावला. भाचीने मागची बाजू पाहिली होती, पेटीवाल्यांनी पाहिली होती. फॉर्मवर आणि गादीवर दोघांचे पुरावे आहेत. उरले दोघे."

फोटोवाल्याने घाम पुसला.

"आता हे नख बघा. फोटोत नाही, नकलेत आहे. आपली नाही ती खूण माणूस कशाला घालेल? त्याने स्वतःचं बोट पाहून काम केलं." बाईंनी आरसा टेबलावर उभा केला आणि त्यासमोर पाण्याचा ग्लास हातात धरला. "आरशात कुठला हात दिसतोय?"

"उजवा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"मी धरलाय डावा. कारण उजव्या हाताने साच्यासाठी आधी माती घडवायची असते. आता सगळ्यांनी डावे हात टेबलावर ठेवा. माझाही आहे."

पेटीवाल्यांनी ठेवला. त्यांचा अंगठा काळानिळा होता, पण तर्जनी साफ. फोटोवाल्याने ठेवला. तोही साफ. संचालकांच्या डाव्या हातात फाइल होती, आणि ती काही केल्या खाली येईना.

"साहेब," बाई म्हणाल्या, "प्लास्टर बसताना गरम होतं, हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ज्याने ते हातात घेतलंय त्यालाच ते कळतं. आणि डाव्या हाताचं नख कुणाचं फुटतं? डाव्यात छिन्नी धरून उजव्याने हातोडा मारणाऱ्याचं. किती वर्षं दगड फोडलात?"

अध्यक्षीणबाईंनी बोटाने टेबलाकडे खूण केली. मग संचालकांनी फाइल ठेवली. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "शिल्पकलेच्या वर्गात होतो. जमलं नाही म्हणून सोडलं. कुणाला सांगितलं नाही." त्यांनी नखावर अंगठा ठेवला. "फोटोवाला गेल्यावर मी हात उचलले. कशाला तरी अडकले आणि निसटले. सगळ्याचे तुकडे झाले, मागच्या बोटांचा तर चुराच. आठवडाभर घरी दार लावून मी ते पुन्हा केलं. वाटलं, भिंतीला लागलं की कुणाला कळणार नाही."

"आणि माझ्या पोरीवर आळ आला तेव्हा?"

"वाटलं, पुरावा नाही, समज देऊन सोडतील."

"वाटलं!" बाई उभ्या राहिल्या. "ती आठ वर्षं शिकली हो! तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं, माझ्या हातून पडलं. तेवढं बोलला असतात तर त्या पोरीनेच ते जोडून दिलं असतं."

संचालकांनी मान खाली घातली. "तुकडे आहेत," ते म्हणाले. "एक कणही टाकलेला नाही."

७

दुपारपर्यंत सगळं उरकलं. संचालकांचा राजीनामा अध्यक्षीणबाईंनी घेतला, भाचीला कायम केल्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, आणि उद्घाटनाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला खरी हकीकत कळवायचं ठरलं.

बाई भाचीच्या कामाच्या खोलीत गेल्या तेव्हा ती पांढऱ्या कापडावर तुकडे मांडत होती. मोठे वर, लहान खाली, चुरा वेगळ्या वाटीत.

"जुळेल?" बाईंनी विचारलं.

"सहा महिने लागतील. पण जुळेल." ती एक तुकडा फिरवून बघत होती. "मावशी, खरं सांग. तुला माझा संशय आला होता ना?"

बाईंना चटकन 'नाही' म्हणता आलं असतं. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून दटावणाऱ्या तोंडातून ते निघेना.

"आला होता," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. "तुझ्या घरून निघाले तेव्हापासून पेटीवाल्यांकडे पोचेपर्यंत. वाईट आहे मी. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडले, तेही चुकलं माझं."

भाचीने तुकडा जपून खाली ठेवला. "मलाही आला होता."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा?" बाईंचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला. "अगं, मी?"

"हात काढण्यात तुझा हात धरणारं कोण आहे इथे? तीन आठवड्यांत चारदा तू या खोलीत येऊन गेलीस. सारखी म्हणायचीस, हे हात माझ्या घरी असते तर किती बरं झालं असतं. वाटलं, आपल्यावर संशय येऊ नये म्हणून तूच आधी बोंब मारलीस. मी दोन दिवस डोकं धरून बसले होते. मावशीचं नाव सांगायचं की नोकरी जाऊ द्यायची? म्हणून तर कुणापुढे एक शब्द बोलले नाही."

बाई खुर्चीवर बसल्याच. ही पोर आपल्याला वाचवायला गप्प बसली होती, आणि आपण मात्र तिच्यावरच संशय घेऊन तिच्या दारातून निघालो होतो. त्यांना रडावं की हसावं कळेना. मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली आणि अपमान तिला सोसेना.

"अगं पण मी केलं असतं," त्या फणकारल्या, "तर ती मागची चार बोटं मी चुकले असते का?"

"तेच," भाची म्हणाली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. "तिसऱ्या दिवशी तेच सुचलं मला, आणि मग कुठे पोटभर जेवले. बस आता. तो चिमटा दे इकडे."